ओवीतलं नाव

फादर जेरोम रुमाव म्हणजे साधी असामी नव्हे. मूळचे वसईचे, वीस वर्षं सिकंदराबादच्या सेमिनरीत होऊ घातलेल्या पाद्र्यांना शिकवतात, लॅटिन-ग्रीक जिभेवर. पण वेड कसलं, तर जात्यावरच्या ओव्यांचं! मराठवाड्यातून हैदराबादेत आलेल्या म्हाताऱ्यांना गाठून गाठून त्यांनी ओव्या लिहून घेतल्या आणि यंदा त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. लोकांनी हार घातले, आणि खोटं कशाला बोला, फादर जरा फुगलेच.

तर एक प्रत घेऊन ते मलकपेठेत केसरबाईंकडे निघाले. केसरबाई जालन्याकडच्या. नवऱ्याला इथं नोकरी लागली म्हणून चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या. अक्षरओळख नाही, पण ओव्या शंभर पाठ. तीन वर्षांपूर्वी फादर वही घेऊन बसले तेव्हा त्यांनी एकच मागणं मागितलं होतं. "थोरली लेक धा वर्षांची असताना तापानं गेली. फोटू बी न्हाई तिचा. ह्या ओवीत तिचं नाव हाये, तेवढं छापून येऊ द्या." "येणार म्हणजे येणार," असं म्हणून फादरांनी छातीवर क्रूसाची खूण केली होती.

ते बोलणं फादरांना आठवलं ते थेट केसरबाईंच्या जिन्यात. पाय जागच्या जागी थांबले.

त्याचं असं, की विद्वानांची एक रीत असते. प्रत्येक बाई ओवीत आपल्या माणसाचं नाव घालते, मूळ ओवी मात्र एकच. म्हणून नावं गाळायची आणि तिथं 'अमुक' लिहायचं. फादरांनी साठ बायकांच्या ओव्यांतली नावं एका बैठकीत खोडली होती. दिलेला शब्द तेव्हा मनातसुद्धा आला नाही. अहो, एवढा शिकलेला माणूस! आता गुपचूप परत फिरावं असं त्यांना वाटलं, पण वरून हाक आली.

"या, या फादर! आणलं का पुस्तक?"

केसरबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. पुस्तक त्यांनी डोळ्यांना लावलं. "कुठं हाये माझी लेक?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण बाईंना कुठं वाचता येतंय, असा हलकट विचार फादरांच्या मनात आला. त्यांनी पान काढलं, बाईंचं बोट धरलं आणि 'अमुक'वर ठेवलं. "इथं."

बाई त्या शब्दावरून बोट फिरवत राहिल्या. डोळे भरून आले. मग त्यांनी नातीला हाक मारली. "तेजू, वाच गं मोठ्यानं."

तेजश्रीची शाळा इंग्रजीतली. मराठी वाचायचं म्हणजे पावलोपावली ठेचा. "फिर फिर जात्या... फिर भरभर. लेक माझी... अ-मु-क... साळंत पैला नंबर. अमुक? ये कौन है, आजी?"

"नीट वाच, मेले! फादर, तुमीच सांगा हिला नाव."

आणि फादरांना नाव आठवेना. लॅटिनची अख्खी स्तोत्रं पाठ असलेला माणूस, पण त्या पोरीचं नाव काही केल्या येईना.

"केसरबाई, नाव मीच खोडलं," ते कसंबसं म्हणाले. "आणि आता ते मला आठवतही नाही."

बाईंनी पानावरचं बोट उचललं. "तुमचं नाव कुठं हाये?"

तेजश्रीनं पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठावरचं मोठं अक्षर न अडखळता वाचलं. "फादर डॉक्टर जेरोम रुमाव."

"हौ. ते बरं ऱ्हायलं."

फादरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला लाज वाटते, बाई. नाव सांगा, प्रत्येक प्रतीत मी हातानं लिहीन."

"एकदा सांगितलंय की तुमाला. मेलेल्या लेकीची वळख किती डाव करून देऊ?" बाईंनी पुस्तक त्यांच्या हातात परत दिलं. "घिऊन जा हे. हितं अमुक कुणी ऱ्हात न्हाई."