हात वर गेला की

सुट्टी लागायच्या आधी अण्णांनी जेवता जेवता जाहीर करून टाकलं, "यंदा खारूला मी सांभाळतो. बाहेर कुठे पाठवायची गरज नाही. मी काय मेलोय?"

मी हातातला घास ताटात ठेवला. नवरा मात्र खूश झाला. "बघ, प्रश्नच मिटला," तो म्हणाला. त्याच्या लेखी अण्णा म्हणजे देवमाणूस. आमच्या सहा वर्षांच्या लेकीला, खारूला, ते लाकडाची बदकं करून देतात, गोष्टी सांगतात, वर भाजीही निवडून ठेवतात. माझी आई वारल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून मी घरात शहाण्या मुलीचं सोंग घेऊन वावरतेय. कारण हेच अण्णा, माझे सख्खे वडील, मी खारूएवढी असताना मला कमरेच्या पट्ट्याने फोडून काढायचे. पट्टा उलटा धरून, बक्कल लागेल अशा बेताने. एकदा शाळेची पाण्याची बाटली हरवली म्हणून त्यांनी मला दंडाला धरून भिंतीवर फेकलं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. आईचे पुढचे दोन दात त्यांनीच पाडले होते. हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची. मारलं त्यांनी, मार खाल्ला मी, आणि वर लाजही मलाच.

म्हातारपणी माणूस निवळतो म्हणे. निवळतो कसला, हात थकतात फक्त. अण्णांचे हात अजून चांगले धडधाकट होते. तेव्हा मी ठरवलं, सुट्टीभर खारू दिवसा यांच्या ताब्यात राहणार नाही. तिच्यासाठी उन्हाळी शिबिर शोधायचं, मग कुणाचं नाक कितीही वाकडं होवो.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. वरचं यंत्र खाली ओढायला मला हात उंच न्यावा लागतो. बहुतेक पोरं त्या यंत्राकडे टकामका बघत बसतात. काही पोरं मात्र दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकतात. सोबत आलेलं मोठं माणूस घाईघाईने सांगतं, जरा घाबरट आहे हो. मला फोटो निघायच्या आधीच सगळं कळलेलं असतं. मी डॉक्टरांना सांगते. कधी त्यातून काही होतं, कधी होत नाही. तर शिबिरं पारखायची माझी रीत हीच होती. माहितीपत्रक गेलं खड्ड्यात. मुलांच्या घोळक्यात उभं राहायचं आणि केसांची क्लिप नीट केल्यासारखा हात झटकन वर न्यायचा.

पहिलं शिबिर शिस्तीचं होतं. गळ्यात शिट्टी घातलेले एक सर मुलांना उन्हात उभं करून बेडूकउड्या मारायला लावत होते. "आमच्याकडे पोरं सुतासारखी सरळ होतात," ते म्हणाले. मी हात वर नेला. रांगेतली तीन पोरं खाली वाकली. सर कौतुकाने म्हणाले, "बघा, किती अलर्ट आहेत." तेवढ्यात एक मुलगा उडी चुकला, तर यांनी शिट्टीच्या दोरीचा सटका त्याच्या कानशिलावर ओढला, बोलणं न थांबवता. पोराचा कान लालबुंद झाला आणि त्याने हूं की चूं केलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ती शिट्टी एक दिवस कुणीतरी तुमच्या घशात घालणार आहे," असं सांगून मी निघाले.

दुसरीकडे सगळं गारेगार आणि गुळगुळीत होतं. नाच, रोबोट, गालिचा, आणि साखरेत घोळलेली एक तरुण मिस. मी हात वर नेला तर कोपऱ्यातली एकच मुलगी दचकून वाकली. मिसने लगेच तिला जवळ घेतलं, "काय गं सोन्या?" म्हणत तिचा दंड धरला. मुलीचा चेहरा कसनुसा झाला. मिसचा हात निघाल्यावर मला तिच्या दंडावर आतल्या बाजूला चिमट्यांचे निळे वळ दिसले, जुने आणि नवेही. मी तिथेच ते मोठ्याने बोलून दाखवलं. मुलांना सोडायला आलेल्या दोन आयांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच चिमटा काढलाय. खाली उतरून मी मुलांच्या हेल्पलाइनला तक्रारीचा फोनही केला. पलीकडच्याने सगळं ऐकून घेतलं आणि बघतो म्हणाला.

तिसरं शिबिर एका बाईंच्या अंगणात होतं. पाटी नाही, काही नाही. मुलं मातीत, रंगात, खिळ्यांत बुडालेली. सहा-सात वर्षांच्या पोरांच्या हातात खरी हातोडी. बाई बुटक्या, तुटक बोलणाऱ्या, अजिबात गोड नसलेल्या. मी हात वर नेला. कुणी मानसुद्धा उचलली नाही. एक मुलगा खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "काकू, उजेड अडवू नका ना." मी त्यांच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घेतलं आणि खारूचं नाव पक्कं करून आले.

त्या संध्याकाळी मी जेवायला वाढताना सांगितलं. नवरा कुरकुरला, "अगं, आधी विचारायचं तरी." अण्णांनी चमचा खाली ठेवला.

"माझ्या ताब्यात पोर द्यायची भीती वाटते का तुला?"

माझ्या हातात कुकरचं झाकण होतं. मी ते घट्ट धरून उभी राहिले. खारूला मात्र राहवेना. "आजोबा, तिथे खरी हातोडी देतात," असं म्हणत ती खुर्चीवर उभी राहिली, तिचा धक्का लागून ग्लास कलंडला आणि पाणी अण्णांच्या ताटात गेलं.

अण्णांचा हात वर गेला. खांद्याच्या मागे, तळवा उघडा, अंगठा आत दुमडलेला. तो हात मी झोपेतही ओळखला असता. खारू त्या हाताकडे नुसती बघत राहिली. त्यानंतर काय येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

मी झाकण मनगटावर हाणलं. मोडलेली हाडं मी रोज बघते, पण दुसऱ्याचं हाड मोडतानाचा आवाज प्रथमच ऐकला. तिथे थांबायला हवं होतं. नाही थांबले. दुसरा तडाखा खांद्यावर, तिसरा भुवईवर. अण्णा खुर्चीसकट मागे आडवे झाले तशी मी टेबलाला वळसा घालून त्यांच्यावर गेले. त्यांच्या डोळ्यात रक्त उतरत होतं. "लहान पोरावर हात टाकतोस? परत टाकतोस?" मी ओरडत होते. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. त्यांनी धड असलेला हात डोक्यावर घेतला, तर मी बरगडीत लाथ घातली. खरं सांगते, बरं वाटत होतं. नवऱ्याने मागून कमरेला मिठी घातली, तर माझं कोपर बसून त्याचा ओठ फाटला. खालून अण्णा म्हणत होते, "पुरे गं, पुरे." माझी आईही त्यांना अशीच म्हणायची, पुरे हो, पुरे. नवऱ्याने झाकण हिसकावून घेतलं तेव्हा कुठे मला खारू दिसली. ती भिंतीला पाठ लावून, कानांवर हात दाबून उभी होती.

मनगटाला प्लास्टर झालं, भुवईला टाके पडले. बाथरूममध्ये घसरलो, असं अण्णांनी डॉक्टरांना सांगितलं, आणि मी ते खोडून काढलं नाही. माझ्या काकांनी येऊन त्यांना आपल्या घरी नेलं. मग मी नवऱ्याला पट्ट्यापासून दातांपर्यंत सगळं सांगितलं. तो ओठावर बर्फ धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण त्या दिवशी कदाचित मारणार नव्हते गं ते."

"कदाचित," मी म्हणाले. एवढ्यावर मी माझी पोरगी पणाला लावणार नव्हते.

खारू शिबिराला जायला लागली. घरी एकदम शहाण्यासारखी वागू लागली. दूध ओट्याशी उभं राहून प्यायची, ताट स्वतःच उचलायची, पाणी हवं असलं तरी आधी विचारायची. बाईंनी काय वळण लावलंय, म्हणून मी हॉस्पिटलात सगळ्यांना कौतुकाने सांगितलंही.

मग एका दुपारी बाईंनी मला बोलावून घेतलं. मुलं अंगणात होती. आम्ही आतल्या खोलीत, खिडकीशी बसलो.

"काल खारूकडून रंगाची वाटी सांडली," बाई म्हणाल्या. "ती जी बाकाखाली जाऊन बसली ती बाहेरच येईना. म्हणाली, आईला सांगू नका. सांडलं की आई मारते. आजोबांच्या ताटात पाणी सांडलं, तर आजोबांचा हात तोडला."

मी अर्धवट उठले.

"मला हे विचारावंच लागतं. राग आला तरी चालेल," त्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. "तुम्ही तिच्यावर हात उचलता का?"

माझा पारा चढला. ही कोण टिकोजीराव मला विचारणारी? तिच्यासाठी तर मी... शब्द अगदी ओठांवर आले होते. आणि मग मला कळलं, लहानपणी माझ्या अंगावरचे वळ शाळेत सगळ्यांना दिसत होते, शेजाऱ्यांना दिसत होते, आणि एकाही माणसाने माझ्या आईबापांना समोर बसवून हा प्रश्न विचारला नव्हता. मी खारूसाठी जागा बरोबर निवडली होती.

"तिच्यावर नाही," मी म्हणाले. "वडिलांवर उचलला. तिच्यासमोर. आणि थांबले नाही."

बाईंनी उठून दार लोटलं आणि परत येऊन बसल्या. खिडकीतून खारूने मला पाहिलं. तिने समोरचा ब्रश बुडवायचा पाण्याचा डबा दोन्ही हातांनी धरला आणि टेबलाच्या कडेपासून हळूच आत सरकवला. बाई वाट बघत होत्या. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.