पुठ्ठ्याचं दार

शांतता शिकवायला भोपाळहून दोघं आले, प्राजक्ता आणि मोहित. सोबत रंग, मुखवटे आणि लोकरीचा भलामोठा गुंडा. मिरवणुकीच्या वाटेच्या वादातून आमच्या गावच्या दोन गल्ल्यांत दगडफेक झाली, तिच्यात मथुराकाकूंचा नवरा उखर्डू गेला. लोकर एकमेकांकडे फेकली की गाव जोडलं जाईल, असं या दोघांना वाटत होतं. मी शाळेत शिकवते आणि हॉल शाळेचा, म्हणून हा सगळा तमाशा मला बसून पाहावा लागला.

काकूंना हवं होतं ते एवढंसंच. पलीकडच्या गल्लीतल्या दगा नावाच्या ज्या गड्यानं पोरांना भडकवलं, त्यानं दारावर यावं. मयताच्या घरी जायचं, ओट्यावर बसायचं, दोन शब्द बोलायचे, घोटभर पाणी घ्यायचं. वैरीसुद्धा एवढं करतो. दगाची बायको सगळ्यांना सांगत होती, त्याला झोप लागत नाही, सोमवारी जातो म्हणतो.

हे प्राजक्ताच्या कानावर गेलं आणि तिचे डोळे चमकले. "किती पॉवरफुल आहे हे! आपण इथेच करू या ना!" मोहितनं लगेच पुठ्ठ्याचं दार कापलं आणि वर तोरण रंगवलं. मयताच्या दाराला तोरण! यांना सांगणार कोण? मग भूमिकांची अदलाबदल झाली. दगा झाला काकू आणि काकू झाल्या दगा, एकमेकांचं दुःख कळावं म्हणे. म्हणजे जिचा नवरा गेला, तिनंच दारावर जायचं.

काकू बिचाऱ्या गेल्या. खाली बसल्या, "लई वाईट झालं" म्हणाल्या. पुठ्ठ्याच्या आड दगा हुंदके देऊन रडला. टाळ्या पडल्या, व्हिडिओ निघाला, आणि दोघं आम्हाला बरं करून संध्याकाळच्या गाडीनं निघून गेले.

सोमवारी काकू दिवसभर ओट्यावर बसून होत्या. दगा फिरकला नाही. पुढं देडतलाईच्या बाजारात त्यांनी त्याला माझ्यासमोरच अडवलं. गडी चांगला ताजातवाना दिसत होता. मला त्याची किळस आली.

"दारावर आला नाही रे?"

"आता काय राह्यलं, काकू? सगळ्याइच्या समोर हो गया ना. व्हिडिओ बी है."



"मंग माझा नवरा बी नाटकातच मेला का रे, दगा?"