गच्चीवरच्या लडी

आमच्या वडगावच्या बोळात लाइट गेली की सगळे माग एकदम गप होत्यात. मग नुसत्या शिव्या ऐकू येत्यात. त्यातल्या निम्म्या माझ्या.

माझी थोरली मंजुश्री, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली. तिनं आमच्या गच्चीवर सोलर बसवलं आणि बोळाला सांगितलं, "रविवारी या. मेन बंद करून माग चालवून दावते. चालला तर सगळ्यांनी बसवायचं."

मी वाऱ्याच्या बाजूचा. माळावरच्या पवनचक्क्या रात्री फिरत्यात, पावसात फिरत्यात. उनाचं काय? ढग आला की संपलं. तर मंजू म्हणायची, "आप्पा, वारं माळावर. आपल्या बोळात उदबत्तीचा धूर हलत न्हाय. आणि माग आपण दिवसाच चालवतोय न्हवं?" तोंडाळ लई. माझ्यावर गेलीया.

रविवारी अख्खा बोळ आमच्या मागापाशी. समोरचा मागवाला भरमू सगळ्यात पुढं. मंजूनं मेन पाडलं, माग चालू केला. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यानं चार-पाच येरझाऱ्या घातल्या आणि खट्! बंद. परत चालू, परत बंद. बाहेर तर कडक ऊन.

"सुबराव, पोरीच्या हौसेपायी गच्ची अडवून बसलास रं," भरमू म्हणाला. सगळे हसले.

खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं. मग मंजू परत परत बटण दाबताना दिसली आणि माझी मलाच लाज वाटली.

ती गच्चीवर पळाली, मी मागनं. बघतोय तर सोलरच्या पाट्यांवर बांबू आडवा, त्याच्यावर लाल सुताच्या ओल्या लडी. सकाळी मीच वाळत टाकलेल्या. आज्यापासनं आमचं सूत तिथंच वाळतंय, हात आपसूक तिकडंच जातोय.

"सावली पडली की वीज पुरत न्हाय, आप्पा," एवढंच बोलली. लडी उचलल्या, खाली आली आणि भरमूला म्हणाली, "वायर ढिली हुती, काका."

बापाची अब्रू राखायला पोरगी सगळ्यांदेखत आपलं काम कच्चं म्हणून घेत हुती!

"खोटं!" मी ओरडलो. "माझ्या पोरीची वायर ढिली नसती. गाढवपणा माझा! मी पाट्यांवर सूत वाळत टाकलं. आता हसा."

कुणी हसलं न्हाय. मंजूनं माग चालू केला. तो जेवणवेळ टळून गेली तरी धडधडतच हुता.

"पावसाळ्यात काय गं?" भरमूनं हळूच विचारलं.

"तवा वारंच मोठं, काका. माळावरची वीज तारेतनं येतीया, ती घ्यायची. ऊन हाय तवर आपलं घरचं."

सगळा बोळ नाव नोंदवून गेला. दुसऱ्या दिवशी मंजूनं गच्चीवर पाट्यांभोवती पांढऱ्या रंगाची रेघ मारली. "आप्पा, ह्याच्या आत सूत न्हाय."

माझ्या घरात मला आजवर कुणी रेघ मारून दिली नव्हती. आता येईल त्या पाव्हण्याला आधी गच्चीवर नेतोय आणि ती रेघ दावतोय.