पाच जणींचं ब्लीच

मी ब्लीचची डबी बोलतेय. शहाण्णव साली केजच्या एका जनरल स्टोअर्सच्या काचेत येऊन बसले. आधी त्या जागी काजळ आणि व्हॅसलीन असायचं. घरोघरी टीव्हीवर गोऱ्या पोरी दिसायला लागल्या आणि आमची भरती झाली.

मला छबुबाईनं घेतलं, वर्षाराणीच्या आत्यानं. वडवणीचं स्थळ आलेलं, त्यांना फोटो हवा होता, आणि पोरगी सावळी. बापानं तिची नववीत शाळा सोडवली तेव्हा तिच्या भविष्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. फोटो म्हटल्यावर मात्र अख्खं घर जागं झालं. फोटोवाला युसूफ अंगणात पडदा बांधायलाही लागला.

माझ्या अंगावर छापलंय, आधी कोपराजवळ थोडं लावून बघा. वर्षाराणीनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"वाचायचं खूळ गेलं न्हाई व्हय अजून? बस खाली," आत्या म्हणाली.

आणि या शहाण्या बाईनं शुभकार्य म्हणून पाच सवाष्णी बोलावल्या. हळदीसारखं एकेकीनं गालाला लावायचं, पाचवीचा हात लागेपर्यंत पुसायचं न्हाई. चौघींचं झालं. पाचवी शांतादेवी, तिची म्हैस सुटलेली.

सगळ्या दाराकडं बघत बसल्या. माझं मलम मात्र कातडीवर होतं. त्याला थांबणं ठाऊक नाही.

"आत्या, आग व्हतीय."

"व्हतीच. रंग उजळायलाय."

"लई जळतंय गं!"

"आमी काय कमी सोसलं? गप."

स्वतः सोसलं म्हणून पुढचीलाही सोसायला लावायचं, वर त्याला रीत म्हणायचं. बाप सोमलिंग ओसरीवर पान लावत होता. सगळं ऐकत होता. उठला नाही.

शांतादेवी धापा टाकत आली, तिनं बोटं बुडवली, तशी वर्षाराणी उठली आणि तिनं रांजणात तोंड घातलं. वर आली तेव्हा गालावर बोटांचे लालभडक फराटे.

"आज राहू द्या, शेठ," युसूफ म्हणाला. "लेकीचं तोंड सुजलंय."

"पावडर थाप अन् काढ," आत्या म्हणाली.

वर्षाराणी पडद्यापुढं जाऊन बसली. "पावडर नको, चाचा. असाच काढा. तुमी काय केलं ते वडवणीला बघू द्या."

तेव्हा सोमलिंग ताडकन उठला आणि त्यानं कॅमेऱ्यावर हात धरला. लेकीच्या किंकाळीला न उठलेला माणूस फोटोला उठला.

आता मी न्हाणीच्या कोनाड्यात आहे, अर्धी भरलेली. वर्षाराणीच्या गालावर डाग आहेत. तिची धाकटी बहीण शिवांजली वयात येतेय, तीही सावळीच. छबुबाई मला उचलते, हलवून बघते, परत ठेवते.

कुणीतरी मला उकिरड्यावर फेका. आजच फेका.