गंजलेल्या बंदुकीचा त्याग

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत, संभाजीरावांच्या बैठकीत माझा मुक्काम. तारुण्यात मी लग्नाच्या वरातींत आभाळाला भोके पाडली, याखेरीज काही पराक्रम केला नाही. पुढे घोडा मोडला, नळ्या गंजल्या. तरी मला दाखवताना संभाजीराव मिशीवर हात फिरवतात.

त्यांना व्याख्यानांची भारी हौस, आणि विषय एकच, अण्वस्त्रे. “ज्या महासत्तांकडे बॉम्बचे ढीग आहेत त्यांनी आधी ते मोडावेत, मग बाकीचे देश कशाला बनवतील?” बोलणे खरे होते, पण बोलणाऱ्याची मला किळस यायची. गाडी लावण्यावरून भांडण झाले तेव्हा याच गृहस्थांनी शेजारच्या लक्ष्मीकांतवर रायफल रोखली होती. त्या धसक्याने त्यानेही बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता.

संभाजीरावांच्या पत्नी विजयाबाईंची झोप उडाली. “दोन्हीकडे बंदुका आल्या तर एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल. आधी तुम्ही खाली ठेवा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मग काय, कॉलनीच्या सभेत संभाजीरावांनी शस्त्रत्याग केला. “रायफल विकून टाकली. ही घरातली शेवटची, हीही ठाण्यात जमा करतो,” असे म्हणून त्यांनी मला उंच धरले. मला हार घातला, फोटो निघाले. लक्ष्मीकांत विरघळला. “काका, मग मी पण दसऱ्यानंतर अर्ज वापस घेतो.” विजयाबाईंचे डोळे भरून आले. रायफल मात्र कपाटात रजयांमागे होती, जोडीला नवे कोरे रिव्हॉल्व्हर. गंजताना वाटली नव्हती एवढी लाज मला त्या हारात वाटली.

ठाण्यात जायच्या आधीच दसरा आला. शस्त्रपूजेत घरातले एकही हत्यार मागे ठेवायचे नाही, ही या घराण्याची रीत. माणसांशी बेधडक खोटे बोलणारा हा वीर देवीपुढे मात्र भ्यायला. पाटावर मी, रायफल आणि रिव्हॉल्व्हर, तिघांनाही हळदकुंकू. विजयाबाईंचे तोंड उतरले. तेवढ्यात लक्ष्मीकांत सोने द्यायला आला आणि दारातच थबकला.

“काका, हे काय?”

“अरे, ते तर बस हिफाजतीसाठी. तू परेशान होऊ नकोस.”

“नाही होत. आता माझी हिफाजत मी पण बघून घेईन.”

आपट्याची पाने उंबऱ्यावर ठेवून तो निघून गेला. दिवाळीनंतर त्याची बंदूक आली, मग समोरच्या घरातही एक आली. संभाजीराव आता व्याख्यानात सांगतात की लहान देशांचा भरवसा धरता येत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करू नका, खुशाल भंगारात घाला. पण कुणी मोठा माणूस गंजलेले हत्यार खाली ठेवून टाळ्या मागू लागला, तर आधी त्याला कपाट उघडायला लावा. ते कुणी केले नाही, म्हणून विजयाबाई हल्ली गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या की आधी पलीकडची खिडकी बंद आहे ना, ते पाहतात.