अर्ध्यावर अडकलेली चकती

आई गेल्यावर तिचा एकुलता एक व्हिडिओ मावश्यांना द्यायचा, म्हणून थोरला मुलगा सकाळपासून त्याच्या प्रती डीव्हीडीवर लिहायला बसला होता. एकेक चकती अर्ध्यावर जाऊन ‘राइट एरर’ देत बाहेर येत होती. दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. लिहिण्याचा वेग सोळावरून चारवर आणला, दुसऱ्या कंपनीच्या चकत्या आणल्या, ड्राइव्हचं भिंग पुसलं. तरी तेच रडगाणं!

मग त्याचं लक्ष हार्ड डिस्कच्या दिव्याकडे गेलं. लिहिणं कधीच थांबलं होतं, पण दिवा लुकलुकतच होता. म्हणजे शेजारच्या खोलीतला, वायरने त्याच्या संगणकाला जोडलेला बाबांचा संगणक तीच फाइल वाचत होता आणि या बिचाऱ्या ड्राइव्हच्या तोंडचा घास पळवत होता.

“बाबा!” तो तणतणत आत गेला. “मी लिहीत असताना ती फाइल कशाला उघडता?”

वडिलांनी मान वळवली नाही. पडद्यावर आई चादरीची घडी घालता घालता थांबली होती. “अरे, एक टोक धर ना,” ती म्हणाली.

कॅमेऱ्यामागून त्याचाच आवाज वसकन आला, “थांब गं, शूटिंग चाललंय!”

आई हसली. एक टोक हनुवटीखाली दाबून तिने एकटीनेच घडी घातली.

“बंद करतो रे,” वडील ओशाळून म्हणाले.

थोरल्याने खुर्ची ओढली.

“नको,” तो म्हणाला. “पुन्हा लावा.”