दुधाला साबणाचा वास

रग्दाची बाळंतपणाची रजा संपली आणि नाब्लुसच्या मुलींच्या शाळेतली गणितं पुन्हा तिच्या गळ्यात पडली. चार महिन्यांच्या लुजैनसाठी आपलं दूध काढून, बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून ती कामावर गेली. दुपारी परतते तो सासू, उम्म सुहैल, कमरेवर हात ठेवून दारातच उभी.

"पोरीनं बाटली थुंकली! घे वास. साबण! बाटल्या विसळायला शिकवलं नाही का तुला आईनं?"

रग्दानं हुंगलं. साबणच. "अहो खालती," ती म्हणाली; खालती म्हणजे मावशी, सासूला ती अशीच हाक मारी. "काल बाटल्या तुम्हीच धुतल्यात."

"मी? चाळीस वर्षांत माझ्या भांड्याला कुणी नाक मुरडलं नाही!"

निवाड्यासाठी सासऱ्यांना झोपेतून उठवलं. अबू सुहैलची उभी हयात साबणाच्या कारखान्यात गेलेली. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "हा आपल्या ऑलिव्ह तेलाचा साबण नव्हे. हा कुठला तरी हलका माल."

"हलका माल?" रग्दा सासऱ्यांवर उसळली. "माझं दूध आहे ते, अम्मो!"

म्हातारा पुन्हा आडवा झाला.

त्या दिवशी बाटल्या साबणाशिवाय, नुसत्या उकळत्या पाण्यातून काढल्या. दुसऱ्या दिवशी तोच वास, तीच थुंकी. मग दोघी दवाखान्याकडे निघाल्या. सासू बाटली घेऊन पुढे, सून बाळ घेऊन मागे, मध्ये अबोला.

सिहाम नर्सनं बाटली हुंगली आणि हसायलाच लागली. "दोघी निर्दोष! आईच्या दुधात लायपेज नावाचा पाचक रस असतो. तो दुधातली चरबी फोडतो, म्हणून बाळाला दूध पचतं. शिवाय ती फुटलेली चरबी पोटातल्या जंतूंना भारी पडते. काहींच्या दुधात हा गडी भलताच कामसू. फ्रीजच्या गारठ्यातही स्वस्थ बसत नाही. म्हणून वास. दूध नासलेलं नाही."

"पण पोरगी पीत नाही ना!" रग्दा म्हणाली.

"काढल्याबरोबर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार करा. वास येणार नाही. फक्त त्या रसाचं बळ जातं, जंतूंशी लढणाऱ्या आणखी काही राखणदारांचंही. तरीही दूध चांगलंच. ताजं मिळालं तर सोन्याहून पिवळं."

"माझ्या नातीचे राखणदार उकळायचे?" उम्म सुहैल कडाडली. "मी जिवंत असेपर्यंत नाही!"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती लुजैनला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकात हजर. मुख्याध्यापिकाबाईंनी नकाशांची खोली उघडून दिली. लुजैन आईला अशी बिलगली, की रग्दाला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

आठवड्याभरात उम्म सुहैल शिक्षिकांच्या खोलीतलीच झाली. आता ती चहाला नावं ठेवते, दोन अविवाहित शिक्षिकांसाठी स्थळंही शोधते आहे. घंटा झाली की रग्दा हळूच म्हणते, "खालती, निघा ना आता."

"थांब गं," सासू म्हणते, "भूगोलाच्या बाईंचं अजून ठरायचंय."